नाचाच्या फरशीवर खुर्च्या

डेल्मर कुबेना तसा किळसणारा माणूस नव्हता. त्याने डुकरं सोलली होती, तुंबलेले नाले उपसले होते, ओकून पडलेल्या दोस्तांना खांद्यावर टाकून त्यांच्या बायकांच्या स्वाधीन केलं होतं. पण सत्तरी उलटल्यावर त्याच्या स्वतःच्या नावाचा पहिला आल्बम निघाला, आणि तो ऐकताना त्याला जी शिसारी आली ती काही केल्या अंगावरून जाईना.

ऑस्टिनच्या बाजूच्या मोरावका गावातल्या बहुतेक घरांसारखं कुबेनांचं घरही पिढ्यांपूर्वी येऊन वसलेल्या चेक लोकांचं. बाप कापूस लावायचा आणि रविवारी अकॉर्डियनवर पोल्का नाचाच्या धून वाजवायचा. डेल्मरला अकॉर्डियनचा बोजा नको वाटला. तो गिटारकडे वळला आणि मिसरूड फुटायच्या आत दारूच्या अड्ड्यांवर वाजवायला लागला. बायको सोडून गेली, ग्लास रिकामा झाला आणि तरी पाय काही थांबत नाहीत, अशी ती हॉन्की-टॉन्कची गाणी. आठवडाभर तो कौंटीच्या रस्त्यांवर माती सपाट करणारा ग्रेडर चालवायचा आणि शनिवार-रविवार नाचाच्या हॉलमध्ये वाजवायचा. नाव नेहमी गाणाऱ्याचं असायचं. डेल्मर मागे, ड्रमच्या डाव्या हाताला उभा राहून, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत वाजवायचा. पाय जड पडायला लागले की तो लय किंचित पुढे ओढायचा, आणि दमलेली जोडपी आपण का ताजीतवानी झालो हे न कळता आणखी दोन गाणी नाचायची.

वाजवायला जाताना तो नेहमी स्टार्चचा शर्ट, कडक घडीची पँट आणि चमकवलेले बूट घालून जायचा. हे त्याला बापाने शिकवलं होतं. आठवडाभर मातीत राबणारी माणसं रविवारी अंघोळ करून, नटून येतात, त्यांच्यासमोर मळक्या कपड्यात उभं राहणं म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकणं, असं म्हातारा म्हणायचा.

मग एके दिवशी एका नामांकित गायकाने कुठल्याशा मुलाखतीत सांगून टाकलं की आपण गिटार शिकलो ते मोरावकाच्या डेल्मरचं ऐकून. महिन्याभरात नॅशव्हिलच्या एका गाण्यांच्या कंपनीकडून कॉलिन व्हिटेकर नावाचा माणूस दारात हजर झाला. चाळिशीचा, गोड बोलणारा, मुद्दाम फाटकी घेतलेली पँट घातलेला.

"डेल्मर, तुम्ही जिवंत दंतकथा आहात," तो म्हणाला.

"जिवंत आहे, एवढं खरं," डेल्मर म्हणाला.

कॉलिनला त्याचा आल्बम करायचा होता. जुनी हॉन्की-टॉन्क गाणी, दोन वॉल्ट्झ, एक पोल्का, सगळं 'मुळातलं'. डेल्मरला खोटं वाटलं, पण मनातून गुदगुल्याही झाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावामागे वाजवलेल्या माणसाला एकदा आपलं नाव पुढे यावं असं वाटलं तर त्यात नवल नाही. त्याने एवढंच विचारलं की बासवर लूपे चालेल ना. लूपे आरेदोन्दो तीस-पस्तीस वर्षं त्याच्या शेजारी उभा राहून वाजवत होता. कॉलिन म्हणाला, बघू या.

बघितलं काहीच नाही. नॅशव्हिलला गेल्यावर दाढ्या वाढवलेली तीन पोरं वाजवायला बसलेली होती. वाजवायची चांगली, पण खिडकी नसलेल्या त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत नाचायला कोणी नव्हतं, आणि डेल्मरला बघायला पाय नव्हते. एखादं गाणं नीट जमलं की कॉलिन काचेपलीकडून म्हणायचा, "मस्त. पण जरा कच्चं ठेवू या."

"कच्चं कशाला?" डेल्मरने एकदा विचारलं. "शिजवता येतं की मला."

सगळे हसले. तो विनोद नव्हता.

शेवटच्या दिवशी फोटो. त्यांनी त्याला एका पडक्या घराच्या ओसरीवर नेलं, आणि खताच्या गाडीवर चढायला घालतात तसली खांद्यावर पट्टे अडकवायची मळकट पँट पुढे केली. डेल्मर म्हणाला, मी असले कपडे घालून कधी वाजवलेलं नाही. फोटोवाली मुलगी लाघवी होती. "एकच काढू या, सर. नाही आवडला तर फेकून देऊ." त्याने शर्ट उतरवून ती घातली. विमानतळ गाठायचा होता आणि तिथे उगीच वाद कोण घालत बसणार.

आल्बम घरी आला तेव्हा कव्हरवर तोच फोटो होता.

बर्निस, त्याची बायको, स्वयंपाकघरात कोलाचे या गोड पावांचं पीठ मळत होती. तिने कव्हर लांब धरून बघितलं. "हा कोण भिकारी?"

"ऐकू तर," डेल्मर म्हणाला.

पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी बाटल्या किणकिणल्या. कोणीतरी बाई खिदळली. एक कुत्रं भुंकलं. मग जुन्या घासलेल्या तबकडीसारखी खरखर सुरू झाली आणि त्या खरखरीच्या मागे, कुठल्यातरी पिंपात बसवल्यासारखी, त्याची गिटार. डेल्मरच्या कपाळाला आठी पडली. त्या खोलीत कुत्रं नव्हतं. बाटलीही नव्हती, पाण्यालासुद्धा कागदी कप होते. चौथं गाणं संथ वॉल्ट्झ. त्यात स्वरांच्या आधी एक लांबलचक, घसा खरवडणारा खोकला आला.

"कोण खोकतंय हे?" बर्निसने विचारलं.

"मी."

"अगदी तुझ्या बापासारखा."

तो खोकला आला म्हणून डेल्मरने ते वाजवणं तिथेच बिघडलं असं धरलं होतं आणि लगेच दुसऱ्यांदा, सगळ्या दिवसात वाजवलं नव्हतं इतकं सुरेख वाजवलं होतं. ते दुसरं आल्बमवर नव्हतंच. होतं ते पहिलं, बोटं नीट पडली नव्हती ते. त्याने यंत्र बंद केलं आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने कॉलिनला फोन केला.

"तो खोकला तर सगळ्या आल्बमचा प्राण आहे, डेल्मर. त्यात एक अख्खं आयुष्य ऐकू येतं."

"त्यात सर्दी ऐकू येते," डेल्मर म्हणाला. "मी नंतर ते चांगलं वाजवलं होतं."

"चांगलं होतं, हो. पण फार स्वच्छ होतं."

स्वच्छ हा शब्द कोणी शिवीसारखा वापरलेला डेल्मरने पहिल्यांदाच ऐकला. पण करारावर सही झालेली होती आणि तबकड्या दुकानांत पोचल्या होत्या.

लूपेने आल्बम ऐकून एवढंच म्हटलं, "बाटल्या छान वाजल्यात रे. माझ्या जागी त्यांनाच घेतलंस होय?"

"गप बस, लूपे."

"नाही, खरंच. तालात आहेत."

कंपनीला प्रकाशनाचा कार्यक्रम मोरावकाच्या हॉलमध्येच करायचा होता, रविवारच्या दुपारच्या नाचाच्या वेळी. या वेळी मात्र डेल्मर अडून बसला: वाजवतील ती माझी माणसं. कॉलिनने लगेच मान्य केलं. उलट तो फारच खूश झाला, आणि ते डेल्मरला आवडलं नाही.

रविवारी तो इस्त्रीच्या शर्टात हॉलवर पोचला तर दारातच रोझाली याहोडा उभी. हॉलची किल्ली आणि स्वयंपाकघर दोन्ही तिच्या ताब्यात, आणि तिचा चेहरा लालबुंद.

"आत जाऊन बघ," ती म्हणाली. "बूट नीट सरकावेत म्हणून सकाळी मी फरशीवर मक्याचं पीठ भुरभुरवलं होतं. सगळं पुसून काढलं त्यांनी. त्यांचे पाहुणे घसरतील म्हणे."

डेल्मर आत गेला. नाचाच्या लाकडी फरशीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या घडीच्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या होत्या. त्यांच्यावर ऑस्टिनहून, नॅशव्हिलहून आलेले लोक बसले होते. डोक्यावर कोऱ्या करकरीत टोप्या. तीन कॅमेरे. आणि गावातली माणसं, दर रविवारी याच फरशीवर नाचणारी, भिंतीला आणि बिअरच्या खिडकीला टेकून उभी होती. दुसऱ्याच्या घरच्या लग्नात उभं राहावं तशी.

"हे काय आहे?" त्याने कॉलिनला विचारलं.

"आज लोकांना तुम्हाला ऐकायचंय, डेल्मर. इतकी वर्षं तुम्ही नाचाच्या मागे राहिलात. आज सगळं लक्ष तुमच्यावर."

क्षणभर डेल्मरला मोह झाला, खोटं कशाला बोला. त्याच्यासाठी कोणी कधी गप्प बसून राहिलं नव्हतं. तो वर चढला, लूपेने बास उचलला, आणि त्यांनी टू-स्टेप नाचाचं एक साधं गाणं सुरू केलं. खुर्च्यांवरच्या लोकांनी डोळे मिटले आणि प्रवचन ऐकल्यासारख्या माना डोलवल्या. डेल्मरची नजर सवयीने खाली पायांकडे गेली. खुर्च्यांखाली ते पाय जोड्याने ठेवलेले, हलत नव्हते. मग त्याला भिंतीशी आल्फॉन्स आणि त्याची बायको मिल्ड्रेड दिसले. दोघं ऐंशीच्या पुढचे. आल्फॉन्सचा शर्ट कडक इस्त्रीचा, मिल्ड्रेडच्या केसांचा नुकताच बांधलेला अंबाडा. दोघं हातात हात धरून उभे होते आणि आल्फॉन्सचा टाच टेकलेला एक बूट जागच्या जागी ताल धरत होता. पुढे पाऊल टाकायला जागा नव्हती.

डेल्मरने गाणं अर्ध्यात थांबवलं.

"या खुर्च्या काढा," तो माइकमध्ये म्हणाला.

बसलेल्या लोकांत हशा पिकला. डेल्मरने गळ्यातला पट्टा काढून गिटार स्टँडवर ठेवली. लूपेने बास भिंतीला टेकवला आणि हाताची घडी घातली. हशा विरत गेला. कोणाला काय करावं ते सुचेना. मग आल्फॉन्स भिंतीपासून सुटला, पहिल्या रांगेतल्या एका बाईजवळ गेला आणि म्हणाला, "बाई, जरा उठता का? मला बायकोबरोबर नाचायचंय."

ती उठली. शेजारचा उठला. मग गावातली पोरं, बाया, म्हातारे पुढे आले आणि खुर्च्या घडी होऊन हातोहात भिंतीकडे जायला लागल्या. रोझाली स्वयंपाकघरातून पिठाचा डबा घेऊन आली आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं पीठ उधळत गेली. डेल्मरने गिटार गळ्यात घातली. पुढचा पाऊण तास हॉल भरून पाय फिरत होते आणि त्याला आल्बमची आठवणही राहिली नाही.

मध्यंतरात तो घाम पुसत खाली उतरला तेव्हा कॉलिन त्याच्याकडे आला. त्याचे डोळे भरून आले होते.

"काय बोलू मी? असं काही आम्हाला लिहूनसुद्धा जमलं नसतं. तुम्ही खुर्च्या काढायला लावल्यात ते तिन्ही कॅमेऱ्यांत आलंय. फक्त एक अडचण आहे. त्या आजोबांचा आवाज नीट टिपला गेला नाही. ते वाक्य एकदा परत घेऊ या."

डेल्मर त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. दोन माणसं पहिली रांग पुन्हा मांडत होती. ती बाई आपल्या जागी येऊन बसली होती. आणि आल्फॉन्स भिंतीशी उभा राहून, कोणी सांगेल तसं, हनुवटी थोडी वर करत होता. त्याला जबरदस्ती कोणी केलेली नव्हती. त्याचा चेहरा खुलला होता. इशारा झाल्यावर तो चालत आला, या वेळी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, जी मघाशी त्याने काढली नव्हती, आणि हळव्या आवाजात म्हणाला, "बाई, जरा उठता का? मला माझ्या लाडक्या बायकोबरोबर नाचायचंय."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

डेल्मर मागच्या दाराने बाहेर पडला, ओकच्या झाडाखाली थुंकला आणि आपल्या पिकअपमध्ये जाऊन बसला. बर्निस सॉसेजचा सँडविच कागदात गुंडाळून घेऊन आली आणि शेजारी बसली.

"खा."

"नको. ढवळतंय."

"कॉलिन तसाच आहे. तुला ठाऊक होतं."

"कॉलिनचं सोड. आल्फॉन्सने टोपी काढली, बघितलंस? 'लाडक्या बायकोबरोबर'. साठ वर्षांत मिल्ड्रेडला लाडकी म्हणाला नाही तो."

"तिला आवडलं असेल," बर्निस म्हणाली. "आणि तू ती पँट घातलीसच की."

तेच तर डेल्मरच्या घशाशी आलं होतं. आल्फॉन्सने कॅमेऱ्यासाठी टोपी काढली होती आणि डेल्मरने कॅमेऱ्यासाठी इस्त्रीचा शर्ट उतरवला होता. दोघांनाही कोणी बंदूक दाखवली नव्हती. गोड बोलून विचारलं होतं एवढंच.

आतून बासचा आवाज यायला लागला. लूपेने त्याच्याविना सुरू केलं होतं. डेल्मर ऐकत बसला. कंपनीच्या गाड्या एकामागून एक आवारातून निघाल्या, टोपीवाले पाहुणे निघाले, तेव्हा कुठे तो उठून आत गेला आणि उन्हं उतरेपर्यंत वाजवत राहिला. आल्फॉन्स नाचता नाचता त्याला हात करून गेला. डेल्मरने नुसती मान हलवली.

खुर्च्या आणि आल्फॉन्सच्या चित्रणाचा तो तुकडा फोनाफोनांवर फिरला, आणि त्यावर आल्बम धो धो खपला. परीक्षणांत लिहून आलं की असं खरं, निर्मळ संगीत कित्येक वर्षांत ऐकलं नाही. धान्याच्या दुकानात लोक डेल्मरचा हात हातात घेऊन अभिनंदन करायचे, आणि तो पोती मोजत असल्याचं दाखवायचा. आल्फॉन्सशी तो दोनेक महिने धड बोलला नाही. मग मिल्ड्रेड आजारी पडली आणि तो मुद्दा बाजूला राहिला. चिडून राहायला गाव तेवढं मोठं नव्हतं.

वसंतात कॉलिनचा फोन आला. बर्निसने उचलला आणि फोनच्या तोंडावर हात ठेवून सांगितलं, "दुसरा आल्बम करायचा म्हणतोय. काय सांगू?"

"सांग, मेला म्हणून."

"मग तर ते दोन काढतील."

डेल्मरला हसू आलं नाही. त्याने तिच्या हातातून फोन घेतला.

"कॉलिन, नाही," तो म्हणाला.

"डेल्मर, तुम्ही ऐकून तर घ्या. या वेळी लूपेलाही घेऊ. खोकला नको असेल तर खोकला नको."

"नाही म्हटलं ना."

मग कॉलिन हळूच म्हणाला, "तुमचा हा नकारसुद्धा किती तुमच्यासारखा आहे."

डेल्मरने फोन ठेवला आणि सिंकपाशी जाऊन साबण लावून हात धुतले. बर्निसने टॉवेल पुढे केला, पण त्याने आणखी एकदा साबण घेतला.