सुमनमावशींचा हात

“दृष्ट लागली हो वहिनी पिलाला, दुसरं काय!”

सुमनमावशी जिन्यात आईला सांगत होत्या. मी दाराआड माझ्या मांजरीला, मिनीला, छातीशी धरून उभी. त्यांच्याकडचं मांजराचं आणखी एक पिल्लू सकाळी गेलं होतं.

मावशी आमच्या तळमजल्यावर राहायच्या आणि झेंडूचे हार करून विकायच्या. आता त्या सिन्नरला लेकीकडे असतात. कॉलनीतल्या मांजरांना त्या परातीत दूधभात कालवून घालत. “रांगेनं घ्या मेल्यांनो, नळावर आलात का भांडायला!” मी इंग्रजी शाळेतली, मराठी बोलताना अडखळणारी. नुसती मान हलवायचे. “बोल की गं,” त्या म्हणायच्या, “शब्दाला जीएसटी नाय लागत.” मिनीही त्यांनीच माझ्या ओढणीत टाकली होती. “ही लय बडबडी हाय. तुला सोबत.”

त्या दुपारी मी मिनीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लस दिली, पण तिचा परिणाम व्हायला दिवस लागतात, म्हणाले. हा मांजरांचा विषाणू. माणसाला होत नाही, पण माणूस तो वाहून नेतो. आजारी पिलाच्या उलटी-जुलाबातून तो हातांना, कपड्यांना, चपलांना लागतो आणि जागेवर कित्येक महिने टिकतो. साध्या धुण्यानं जात नाही, ब्लीच लागतं. ऐकता ऐकता मला मागच्या गल्लीतलं धडधाकट पिल्लू आठवलं. मावशींनी त्याची दृष्ट काढली आणि दोन-चार दिवसांत तेही आजारी पडलं. मावशी म्हणाल्या होत्या, नजरच जबर होती.

संध्याकाळी त्या आमच्या दारात आल्या. मुठीत मीठ-मोहऱ्या, पदरावर उलटीचा डाग. डोळे सुजलेले.

“हिची तरी काढू दे. एवढी एकच राहिली.”

“या ना मावशी, आत या,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मला ठाऊक होतं, त्या आधी मिनीच्या तोंडावरून हात फिरवतील, मग स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडतील. प्रत्येक पिलाला त्यांनी असंच कुरवाळलं होतं. मिनी त्यांच्याकडे झेपावू लागली. मी मागे सरले.

“अगं, भितेस काय? माझाच हात हाय.”

“म्हणूनच नको, मावशी,” मी म्हणाले. “आजार तुमच्या हातावरून येतोय.”