साहेबांचा बॅनर

केजचा हा कार्यकर्ता आमच्या रक्तपेढीत आला की आधी फ्रिजवर थाप मारतो, जणू बैलाची पाठच थोपटतोय. त्याला सगळे भाऊ म्हणतात, म्हणून मीही म्हणते. दर थंडीत तो आपल्या साहेबांच्या वाढदिवसाला भलंमोठं रक्तदान शिबिर घेतो. फ्रिज गच्च भरतात. पण रक्त महिना-सव्वा महिन्यापलीकडे टिकत नाही. उरलेलं फेकून द्यावं लागतं आणि उन्हाळ्यात आमच्याकडे ठणठणाट. "भाऊ, थोडे लोक मे महिन्यासाठी ठेवा," हे सांगून सांगून माझा घसा बसला.

"मॅडम, साहेब काय उन्हाळ्यात जल्मले का?" म्हणतो, आणि वर चहा मागतो.

यंदा मे महिन्यात एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, आणि तिच्या गटाची एकही पिशवी नव्हती. चिडूनच भाऊला फोन लावला. भर उन्हात त्याच गटाची जीपभर माणसं घेऊन तो हजर! पहिल्याला झोपवून मी सुई हातात घेतली, तर म्हणाला, "जरा थांबा." आणि वाढदिवसाचा बॅनर उलगडायला लागला.

"भाऊ, तिकडं बाई मरायला टेकलीय!"

"ह्याच्याबिगर आमच्या पोरांला रक्त दिल्यावानी वाटतच न्हाई. तुमी ते टोक धरा."

धरलं. काय करणार?

बाई वाचली. जाताना तो बॅनर इथंच ठेवून गेला. "असू द्या, लागंल." फेकून द्यायलाच मी तो उचलला होता. मग नीट घडी घातली आणि कपाटात सुयांच्या शेजारी ठेवला.