सातवी पट्टी

खळीचं भांडं उचललं आणि त्याखाली एक पट्टी सापडली. गोलकाकांनी ती उजेडात धरली. सातवी.

तीस वर्षं ते कारखान्यात पृथ्वीगोल चिकटवत होते. पुठ्ठ्याचा चेंडू, वर खळ लावलेल्या कागदाच्या बारा ओल्या पट्ट्या, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत. अकरा सगळ्यांना सारख्याच. सातवी तेवढी दोन तऱ्हेची. देशात विकायच्या गोलावर सरहद्द डोंगरापलीकडे, परदेशी जाणाऱ्या गोलावर अलीकडे. "गिऱ्हाईक म्हणेल तिथे डोंगर!" मालक म्हणायचे आणि सगळे हसायचे.

आता कोण हसतंय! गेल्या महिन्यात परदेशी नकाशा लावला म्हणून एका पुस्तकवाल्याचं दुकान भरदिवसा फोडलं, त्याचा हात मोडला. पोलीस समोर चहा पीत उभे होते.

सापडलेली पट्टी देशी होती. म्हणजे एका देशी गोलावर परदेशी सातवी बसली होती. आणि त्या खेपेचे चोवीसच्या चोवीस गोल सकाळीच नातीच्या शाळेत पोचले होते. चार वाजता ते वाटायला दादा येणार होते. दुकान फोडणाऱ्यांचे पुढारी ते हेच दादा.

काकांनी पट्टी खिशात घातली, डबीत खळ घेतली आणि शाळा गाठली.

"काका, आत्ता?" मोठ्या बाई वैतागल्या.

"एकाचा स्क्रू ढिला राहिलाय, बाई. दोन मिनिटं."

एकोणिसावा गोल फिरवला आणि ती रेघ दिसली. डोंगराच्या अलीकडे. त्यांनी डबी उघडली, तोच दारात जीप थांबली.

"हा म्हातारा कोण?" दादांनी विचारलं. मागे दहा जण.

"हेच बनवतात गोल," बाई म्हणाल्या.

"वा! बघू तर आपला देश."

दादांनी तोच गोल फिरवला. बोट आधी समुद्रात बुडालं, मग कुणाच्या तरी वाळवंटात गेलं. ज्या रेघेपायी लोकांचे हात मोडायचे, ती या बहाद्दराला सापडेना!

"कुठे लपवलात हो, बाबा?"

"हा काय, इथे." काकांनी अंगठा बरोबर रेघेवर दाबला.

"अंगठा काढा की. दिसू दे."

काकांच्या मानेवरून घाम ओघळला. "खळ ओली आहे, दादा. उचलला तर कागद निघेल."

दादांनी एकदा अंगठ्याकडे, एकदा काकांकडे पाहिलं. मग दादा खदखदून हसले. "बघा रे, देश धरून ठेवलाय बाबांनी! काढा फोटो!"

ते गेल्यावर काकांनी शाळेच्या मोरीत उभं राहून देशी पट्टी वर चिकटवली. घाई इतकी केली, की पट्ट्या जुळल्या नाहीत, डोंगर मधोमध तुटला. तीस वर्षांत पहिल्यांदा. पण ते बघायला कुणाला वेळ होता?

तिसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. दीड पुरुष उंचीचे दादा, शेजारी काका.

"अहो, किती छान आलाय!" बायको हरखली. "घाम तेवढा पुसायचात."

काका घामाकडे बघतच नव्हते. फोटो एवढा मोठा केला होता, की नखाच्या कडेला रेघ बाहेर आली होती. बोटभर. डोंगराच्या अलीकडे.

"ओ गोलकाका!" फलकाखालची पोरं ओरडली. दादांच्या मागे आलेली तीच. "या की, आमच्याबरोबर एक फोटो!"

नाही म्हणायची सोय नव्हती. काका फलकाला पाठ टेकून उभे राहिले, अंदाज घेतला, आणि डोकं बरोबर रेघेवर यावं म्हणून टाचा उचलल्या.

"हसा की, काका!"