पालथा ग्लास

चाचांना एका पिक्चरवाल्यानं फसवलं, आणि चाचांचं तोंड वापरून आक्कांना फसवलं. हे आधीच लिहून टाकतो. मी भंगाराचा व्यापारी. माल दाखवायच्या आधी भाव फोडायची मला सवय नाही, पण इथं मला घासाघीस करायची नाही.

चाचांचं नाव लिहीत नाही. आमच्या पेठेत ते लिहायची गरज नाही. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल बघा, नवा पिक्चर लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याला लोक गाठतात आणि विचारतात, "कसा हाय?"

चाचा त्याचं उत्तर कधी झटकन देत नसत. माझ्या दुकानात येऊन बसायचे, समोरच्या हॉटेलातून चहा मागवायचे आणि म्हणायचे, "मध्यंतरापर्यंत सांगतो. फुडचं तुमचं तुमी." मग मध्यंतरापर्यंतची गोष्ट रंगवून सांगायचे, आणि तीही त्यातलं चांगलं तेवढंच निवडून. हिरोईन रडते कशी, डोंगरावर धुकं उतरतं कसं, एखादा चार मिनिटांचा नट हवालदार म्हणून येतो आणि भाव खाऊन जातो कसा. वाईट एक अक्षर नाही. मी एकदा वैतागून म्हणालो, "चाचा, रद्दी असला तर रद्दी म्हणा की."

"लोकांनी राबून केल्यालं असतंय," चाचा म्हणाले. "पहिल्यांदा त्यांचं त्यांना देऊन टाकायचं. मग आपलं."

त्यांचं 'आपलं' चहा संपल्यावर यायचं. ग्लास सरळ ठेवला तर खुशाल जा. पालथा घातला तर जाऊ नका. पेठेला ही खूण पाठ होती. लोक गोष्ट ऐकायचे, पण डोळे सगळ्यांचे ग्लासावर.

बरं, ग्लास सगळ्यांना सारखा नसायचा. एकाच पिक्चरला सकाळी एका मास्तरांसाठी सरळ, आणि दुपारी भाजीवालीसाठी पालथा. मी म्हणायचो, "एक भाव ठरवा राव. गिऱ्हाईक गोंधळतंय."

"तू एकसारखीच पाण्याची मोटार एकाला आठशेला आन् दुसऱ्याला हजाराला देत न्हाईस व्हय? गिऱ्हाईकाचं तोंड बघूनच बोलतोस की. मीबी तेच करतो."

माझ्याच धंद्यातलं उदाहरण माझ्याच तोंडावर मारून ते पुन्हा चहा प्यायला लागले.

चाचा गाद्या आणि खुर्च्यांची सीटं शिवायचे. शहरातल्या जुन्या थेटरांत फाटलेली सीटं शिवून द्यायची, आणि त्या बदल्यात कुठल्याही खेळाला जाऊन बसायचं, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. त्यातलं एक थेटर बंद पडलं तेव्हा तिथल्या खुर्च्या मी लॉटमध्ये उचलल्या. माल दुकानापुढं उतरत होता तेवढ्यात हे आले. एकेक खुर्ची उलटी करून बघायला लागले. शेवटी एकीवर हात ठेवून म्हणाले, "ही मला पायजे."

मी भाव सांगितला. चढाच सांगितला, कारण माणसाचा जीव एखाद्या वस्तूवर बसला की ते मला लांबून कळतं. ते घासाघीस न करता खुर्चीत बसले, सीटखाली हात घातला आणि म्हणाले, "हा टाका माझा हाय."

"टाका तुमचा असंल," मी म्हणालो, "खुर्ची माझी हाय."

"बरोबर हाय." जरा विचार केला त्यांनी. "मग खुर्ची तुझीच ऱ्हाऊ दे. मी येऊन बसत जातो."

आणि खरंच येऊन बसायला लागले. खुर्ची माझी, जागा माझी, आणि काही दिवसांनी चहाही माझाच. मी शून्यातून दुकान उभं केलं आहे, भल्याभल्यांना व्यवहारात वाकवलं आहे. पण मला हरवून वर माझ्याच दुकानात बसलेला माणूस तो एकच.

आता आक्का. आमच्या गल्लीच्या टोकाला त्या भाकऱ्या करून विकतात. महापुराच्या साली त्यांचा एकुलता मुलगा पाण्यात गेला. शेजाऱ्याची बांधलेली म्हैस सोडायला म्हणून उतरला होता. म्हैस पोहत बाहेर आली.

आक्का पूर्वी पिक्चरच्या फार शौकीन. मुलगाच घेऊन जायचा. त्यानंतर त्यांनी थेटराची पायरी सोडली, बोलणंही सोडल्यातच जमा होतं. बऱ्याच काळानं एक दिवस चाचांनी त्यांना रस्त्यात थांबवलं. मी दुकानातून ऐकत होतो.

"आक्का, एक पिक्चर लागलाय. त्यात नदी न्हाई, पाऊस न्हाई, दवाखाना न्हाई. एक पोरगं हाय, ते शेवटापर्यंत जित्तं ऱ्हातंय. लई खोड्या करतंय. जावा."

आक्का भाकऱ्यांची टोपली घेऊन पुढं गेल्या. पण त्या पिक्चरला जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी चाचांना दोन भाकऱ्या आल्या, वर ठेचा. निरोप होता, "बरा हुता."

तेव्हापासून आक्का चाचांचा ग्लास बघितल्याशिवाय गेल्या नाहीत. दारातून जाता जाता नुसतं विचारायच्या, "मला?" चाचा ग्लास सरळ ठेवायचे नाहीतर पालथा घालायचे. पालथा घातला की त्या कारणही विचारत नसत. कारण काय असणार ते दोघांनाही माहीत होतं. मला कोणी विचारलं, चाचा एवढे पिक्चर कशाला बघत होते, तर मी सांगेन, निम्मे तर आक्कांसाठी आधी जाऊन चाचपून येत होते.

मग इथल्याच एकानं पिक्चर काढला. निर्माता आपल्या जिल्ह्यातला, शूटिंग आपल्याच घाटावर. पिक्चर लागायच्या आधी एक खास खेळ ठेवला होता, त्याला चाचांना बोलावलं. 'पेठेतले जुने प्रेक्षक' म्हणून पुढच्या रांगेत बसवलं. चाचा इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाहिरातीचं काम बघणारा निर्मात्याचा माणूस माझ्या दुकानात आला. गॉगल, हातात मोबाईलचा स्टँड. म्हणाला, "चाचा, तुम्ही नेहमी सांगता तसंच सांगायचं. याच खुर्चीत. हे थेटरचं सीट भारी दिसतंय."

मी तांब्याची तार तोलत होतो. तोलता तोलता बघत होतो, म्हणून सांगू शकतो.

चाचांनी चहा हातात घेतला आणि सुरुवात केली. "आपली नदी एवढ्या मोठ्या पडद्यावर मी कधी बघितली न्हवती. आई आन् पोराचं लई ग्वाड दाखवलंय. पोरगं तर काय काम करतंय, वा. समद्या आयांनी हा पिक्चर बघावा असं वाटतंय. हे झालं मध्यंतरापर्यंतचं."

मग चहा संपवला. ग्लास माझ्या टेबलावर पालथा घातला. आणि आक्कांसाठी एकदा केलं तेवढं सोडलं तर आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मध्यंतराच्या पुढचं सांगितलं.

"पन ज्यांच्या घरातलं मानूस पान्यानं न्हेलंय त्यांनी जाऊ नये. फुडं पोरगं बुडतंय. लई वेळ दाखवलंय, उगंच दाखवलंय. त्यांनी जाऊ नये."

गॉगलवाल्यानं मग स्टँडवरून मोबाईल काढून घेतला. चाचांनी त्याला विचारलं, "हे पेठेत समद्यांच्या मोबाईलवर जातंय न्हवं?"

"एकूण एक माणसाच्या, चाचा."

"मग झ्याक झालं. दारोदार सांगत फिराय नको."

चाचा त्याच दुपारी राधानगरीकडं मुलीच्या गावी गेले, नातवाचं नाव ठेवायचं होतं. स्वतः साधा फोन वापरणारा माणूस. जाताना माझ्याकडं बघून हसत म्हणाले, "आता मी नसलो तरी माझा ग्लास हाय." मी संध्याकाळी आठवडाभरासाठी शिरोळला गेलो, पुरात बुडून गेलेल्या जुन्या मोटारी विकायला निघाल्या होत्या. मी परत येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

मोबाईलवर जे आलं ते 'असं वाटतंय' पर्यंतच. खाली सनईचं संगीत. शेवटी चाचांचा हसरा चेहरा आणि जवळच्या थेटराचं नाव.

शेजारणीनं ते आक्कांना दाखवलं. आक्कांनी दोनदा बघितलं म्हणे. खुर्ची ओळखीची, माणूस ओळखीचा, आणि तोच सांगतो आहे की आयांनी बघावा. पालथा ग्लास दिसला नाही म्हणजे सरळ असणार. रविवारी दुपारी त्या एकट्याच गेल्या.

पुढचं मला थेटरच्या डोअरकीपरनं सांगितलं. मध्यंतरानंतर पडद्यावर तो पोरगा पाण्यात गेला तेव्हा आक्का उठल्या. अंधारात पायऱ्या उतरत पडद्यापर्यंत गेल्या आणि त्या पाण्यात हात घातला. पडदाच तो. नखांनी ओरबाडत राहिल्या. लोकांनी आधी ओरडून खाली बसायला सांगितलं, मग दिवे लागले.

चाचा परत आले तेव्हा त्यांना हे मी सांगितलं. आक्कांचं सांगून झाल्यावर मोबाईल पुढं धरला. त्यांनी स्वतःला बोलताना बघितलं, संपलं, तरी मोबाईल धरून बसले. "फुडचं?" म्हणाले. मी म्हणालो, "एवढंच हाय." "न्हाई, फुडचं हाय. मी सांगितलंय. तू हुतास की." मी म्हणालो, "मी हुतो."

आम्ही दोघं आक्कांच्या दारात गेलो. त्या भाकरी थापत होत्या.

"आक्का, मी पालथा घातलता," चाचा म्हणाले.

"कुटं?"

"ह्याच्या दुकानात. मोबाईलच्या फुडं."

"मला न्हाई दिसला." तवा तापला होता, त्यांनी भाकरी टाकली. "तुमी म्हनलासा आयांनी बघावा. म्हनून गेलो."

मी मधे पडलो. काय कापलं, कसं कापलं, सगळं सांगितलं. आक्कांनी ऐकून घेतलं. मग भाकरी फडक्यात गुंडाळून चाचांच्या हातात दिली. "गरम हाय. घिऊन जावा."

माझ्या मते त्यांचा आमच्यावर विश्वास बसला होता. पण त्यानंतर दुकानावरून जाताना "मला?" असं त्यांनी कधी विचारलं नाही.

पेठेनं वेगळंच धरलं. कोपऱ्यावरची पोरं हाक मारायची, "काय चाचा, पिक्चरवाल्यानं काय दिलं?" एकजण म्हणाला, "आमचाबी एक रील करा की, लग्न जमंना." चाचांना अशा चेष्टेला उत्तर देता यायचं, पूर्वी देतही असत. आता ते माझ्याकडं बघायचे, मी उठून शिव्या घालायचो. माझा आवाज पेठेला माहीत आहे. पण शिव्यांनी कोणाचा गेलेला शब्द परत येत नाही.

मी त्या निर्मात्याच्या ऑफिसात गेलो. तो भेटला नाही, गॉगलवाला भेटला. आत बसला होता म्हणून गॉगल नव्हता, त्यामुळं त्याचे डोळे बघायला मिळाले. साधे होते.

"काका, त्यातला एकही शब्द आमचा नाही," तो म्हणाला. "सगळे त्यांचेच आहेत. जाहिरातीत चांगलं तेवढं ठेवतात, तुम्हीही दुकानात गंजलेली बाजू पुढं करत नाही."

"फुडचं हाय तुझ्याकडं?"

"असेल कुठंतरी."

"ते लाव."

"पिक्चर चालू असताना? कसं शक्य आहे." मग त्यानं आवाज उतरवला. "थेटरात जे झालं ते कुणीतरी मोबाईलवर काढलं होतं. आमच्याकडं आलंय. लोक काय वाट्टेल ते करून गर्दी खेचतात. आम्ही ते वापरलं नाही, हे लक्षात घ्या. बोला, तुमचं काय म्हणणं आहे? किती?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी 'किती' विचारलं आणि मला आकडा सांगता आला नाही. त्याची खुर्ची उचलून काचेवर घातली असती. घातली नाही, याचं अजून वाईट वाटतं.

चाचांनी पिक्चर बघायचं सोडलं. दुकानात यायचे, त्याच खुर्चीत बसायचे. नवं काय लागलं आहे, कोणी विचारायचं नाही, ते सांगायचे नाहीत. चहा प्यायचे आणि संपला की ग्लास पालथा घालायचे. रोज. कोणी काही विचारलेलं नसताना. एकदा मी हळूच ग्लास उचलून सरळ ठेवला. त्यांनी बघितलं, तो पुन्हा पालथा घातला आणि घरी गेले.

मग एक दिवस आले नाहीत. मुलीच्या गावी गेले होते, तिथंच झोपेत गेले. दफन तिकडंच झालं. मी गेलो तेव्हा माती ओली होती. आक्कांना कळवलं. त्यांनी त्या दिवशी भाकऱ्या केल्या नाहीत.

आता तो पिक्चर थेटरातून उतरून मोबाईलवर आला आहे. आणि त्याच्याबरोबर चाचाही पुन्हा आले आहेत. परवा गिऱ्हाईक मोबाईल बघत उभं होतं, त्यातून आवाज आला, "समद्या आयांनी हा पिक्चर बघावा असं वाटतंय." मी तराजू तसाच सोडून त्या मोबाईलकडं गेलो. माणूस मातीत गेला आणि त्याचं तोंड अजून गावोगाव आयांना बोलावतंय. नदीकाठच्या गावागावांत एखादी आक्का असणार. तिला सांगणारं कोण आहे?

ती खुर्ची मी विकलेली नाही. चांगला भाव आला होता, हॉटेलवाल्याला सजावटीला हवी होती. तिच्याशेजारच्या टेबलावर चाचांचा ग्लास आहे, त्यांनी ठेवला तसाच.

निर्मातेसाहेब, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, तुमची माणसं तुमच्याबद्दलचं सगळं तुम्हाला आणून दाखवतात. मला तुमच्याकडून काही नको. तुमच्याकडं चाचांचं अर्धं बोलणं पडून आहे. ते घेऊन माझ्या दुकानात या, त्या खुर्चीत बसा, आक्कांना मी बोलावतो. त्यांच्यासमोर ते शेवटपर्यंत लावा. आणि लावायचं नसेल तर त्या विचारतील तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघून सांगा, ग्लास पालथा पडायच्या आधीच चाचांचं बोलणं कोणी कापलं.