दूधवाल्या मामांची चाल

वयात बसणारी माझी ही शेवटची पोलीस भरती, म्हणून पेडगावपासून परभणीच्या रस्त्यानं मी रोज सकाळी पाच किलोमीटर पळायचो, मधूनच शंभर मीटरच्या धावेचा सरावही करायचो. मोटारसायकलला दुधाचे कॅन अडकवून शहरात जाणारे एक मामा मला रोज गाठायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, तेवढा दमच उरायचा नाही. गाडी माझ्या बरोबरीनं चालवत, एका हातानं मिशी पुसत ते म्हणायचे, "काल शंभर मीटर हरणावानी पळालास की. मंग आज काऊन रेंगाळायलास? त्याच चालीनं पळ की पाच किलोमीटर."

अंतर वाढलं की वेग कमी होतोच, हे मी धापा टाकत शंभरदा सांगितलं. उत्तर ठरलेलं. "आमची गाडी बघ, एकाच चालीनं जायलीय." डोकं उठायचं.

परवा त्यांची गाडी बंद पडली. भरल्या कॅनसकट ती ढकलत मामा शहराकडं निघाले होते. मी मागून गाठलं आणि कित्येक महिने राखून ठेवलेलं वाक्य काढलं, "मामा, लय रेंगाळायलात."

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "लांब जायचं म्हनल्यावर दमानंच जावं लागतंय, बाबा. तुला किती येळा सांगावं?"