दादानं वाटून ठेवलेलं गाणं

माझा दादा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. वाजवताना त्याचे गाल असे फुगायचे की बँडवाल्यांनी त्याला फुग्याच म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्याला त्याच नावानं हाक मारू लागले. दिवसा तो बाजारामागच्या बोळात बसून गळक्या भांड्यांना डाग द्यायचा, बँडवाल्यांच्या वाद्यांचे पोचे काढायचा. संध्याकाळी लाल कोट चढवून लग्नाला, उद्घाटनाला, मयताला, जिथलं बोलावणं येईल तिथे जायचा. त्यानं लग्न केलं नाही. घरात एक पिपाणी पुरे, असं तो आईला सांगायचा. आई गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, कारण माझ्याही मागे कोणी उरलं नव्हतं.

तो गाणी रचायचा, शब्दही त्याचे आणि चालही त्याचीच, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. तरुणपणी त्यानं एक गाणं बँडमध्ये बसवलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. बँडच्या मालकानं ते गुपचूप एका कॅसेट कंपनीला दिलं, स्वतःच्या नावानं. दादानं जाब विचारला तेव्हा मालक शांतपणे म्हणाला की बँड माझा, वाद्यं माझी, कोट माझे, मग गाणं तेवढं तुझं कसं? दादाला उत्तर सुचलं नाही. मला सुचलं असतं, आणि चांगलं झणझणीत सुचलं असतं, पण मला विचारतो कोण. ते गाणं अजून बाजारात लागतं. लागलं की मी पिशवी उचलून दुसऱ्या गल्लीनं जाते.

तेव्हापासून दादाला संशयानं जे पछाडलं ते मरेपर्यंत. गाणी करणं थांबलं नाही. पण नवीन गाणं त्यानं कधी चारचौघांत वाजवलं नाही, कागदावर तर उतरवलंच नाही. ढोलवाल्याला बोळात एकट्याला बोलवायचा आणि त्याला फक्त ढोल शिकवायचा. सॅक्सोफोनवाल्याला दुसऱ्या दिवशी, तेही मागून साथीला वाजायचे तेवढेच सूर. मोठ्या तोंडाचा पितळी बाजा फुंकणाऱ्या बाजावाल्याला आणखी वेगळ्या दिवशी. मुख्य चाल ट्रम्पेटची, ती कोणालाच नाही. कधीतरी रेकॉर्डिंग होईल, त्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि तिथेच पहिल्यांदा अख्खं गाणं उभं करायचं, म्हणजे चोरायला कोणाला वेळच मिळणार नाही, असा त्याचा बेत. शब्द मात्र मला माहीत होते, कारण एखादी ओळ अडली की तो मला विचारायचा. माझ्यापासून धोका नव्हता. सुराशी माझं जन्माचं वाकडं. मी गायला लागले की मांजरही उठून जायचं.

रेकॉर्डिंगला कोणी बोलावलं नाही. कोण बोलावणार होतं? आधी त्याचे पुढचे दात गेले, मग डाग देण्याच्या धुरानं छाती गेली. शेवटी दवाखान्यात नाकाला नळी लावून पडला होता, तेव्हा मी त्याला म्हणाले, चाल निदान गुणगुणून दाखव, ढोलवाल्याला बोलावते, तो ध्यानात ठेवील. दादानं मोठ्या कष्टानं मान वळवली, शेजारच्या खाटेकडे खूण केली आणि पुटपुटला, "तो ऐकतोय."

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता. त्याला स्वतःच्या लेकीची ओळख पटत नव्हती. मला हसू आलं, आणि मग असा संताप आला की मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. बरा झालो की सगळं बसवू, असं दादा म्हणत होता. तो बरा झाला नाही.

पुढे बँडची जुनी गाणी जमवणारी एक बाई ढोलवाल्याला शोधत आली आणि त्यानं तिला माझ्याकडे आणलं. बाई सरळ होती. तिनं स्पष्ट सांगितलं की चोरलेल्या गाण्यावरचं नाव बदलणं तिच्या हातात नाही, कागद मालकाच्या बाजूनं आहेत. पण दादाचं दुसरं एखादं पूर्ण गाणं मिळालं तर ते त्याच्या नावानं जपलं जाईल, रेडिओवर लागेल. "एकच द्या, मावशी. पण पूर्ण द्या," ती म्हणाली. मलाही एवढंच हवं होतं. गाणं लागावं आणि त्याच्या आधी कोणीतरी माझ्या भावाचं नाव घ्यावं.

ढोलवाला, सॅक्सोफोनवाला आणि बाजावाला, तिघं आमच्या खोलीत जमले, आणि बाईनं रेकॉर्डिंगचं यंत्र मांडलं. बाजावाल्याला आता कवळी होती, ती सारखी सुटायची. मी शब्द म्हटले, गायले नाही:

दारात आलास तर दार लोटून घे,
मी नाही म्हणेन, तरी बसून घे.

मग तिघांनी आपापलं वाजवलं. एकमेकांचं ते पहिल्यांदाच ऐकत होते. सगळं चपखल बसत गेलं, आणि मग एका जागी सॅक्सोफोन आणि बाजा थांबले, ढोल हळू झाला. दादानं त्यांना तसंच शिकवलं होतं. तिथे मुख्य चाल घेऊन ट्रम्पेट यायचा होता. ढोलवाला हळूहळू ठोके देत राहिला आणि खोलीत दुसरं काहीच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला त्या जागी सॅक्सोफोनवाल्यानं एक चाल भरली. चांगली होती. मलासुद्धा कळलं की चांगली होती. ढोलवाल्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, हाच आपला फुग्या. बाईचा चेहरा खुलला.

मी सॅक्सोफोनवाल्याला विचारलं, "खरं सांग. ही त्याची आहे?"

त्यानं वाद्य मांडीवर ठेवलं. "नाही, ताई. आत्ता सुचली. पण नाव त्याचंच टाका. मला आता या वयात नाव घेऊन काय करायचंय?"

तो मनापासून बोलत होता. मी हो म्हणायच्या बेतातच होते. कोणाला कळणार होतं? मग वाटलं, मालकानंही तेव्हा हाच विचार केला असेल. मी सॅक्सोफोनवाल्याला सांगितलं, ही चाल तुझी, ती तुझ्या नावानं दुसऱ्या गाण्याला लाव. दादाच्या नावाखाली दादानं दिलं तेवढंच जाईल. बाईनं मला परोपरीनं समजावलं की अपुरं गाणं रेडिओवर लागत नाही, ते कपाटात पडून राहील. राहू दे, मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाजवलं. ती जागा आली तेव्हा सॅक्सोफोनवाला हात मांडीवर ठेवून बसून राहिला. नंतर बाईनं माझ्या कानाला हेडफोन लावून ते ऐकवलं; ट्रम्पेटच्या जागी नुसता ढोल होता. मी मालकाला उभा जन्म शिव्या घातल्या आणि त्यातली एकही मागे घेणार नाही. पण त्यानं एक गाणं नेलं होतं. हे कोणी नेलं नव्हतं, दादानंच कोणाला दिलं नव्हतं.

"दादा, या तिघांनी तुझं काय घोडं मारलं होतं रे?" मी म्हणाले. कान झाकलेले होते, त्यामुळे ते बरंच मोठ्यानं निघालं असणार, कारण तिघांनीही माना खाली घातल्या.

मी हेडफोन काढले तेव्हा ढोलवाला बोलत होता. "आम्ही सांभाळलं असतं, ताई."

मी म्हणाले, हो, मला माहीत आहे.