खालच्या पाण्याचा विचार करणारे तौर सर

माधवराव तौर सरांची आणि माझी पहिली भेट जालन्यात, त्यांच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात झाली. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी नोकरी शोधत होते. सरांनी सरकारी नोकरी सोडून पूल, मोऱ्या आणि बंधाऱ्यांचे आराखडे तपासून देण्याचा स्वतःचा व्यवसाय नुकताच सुरू केला होता. मुलाखत म्हणून त्यांनी एवढेच विचारले, "ओढ्यात उतरायची तयारी आहे का?" मी हो म्हणाले. "मंग उद्यापासून या. चपला मात्र जुन्या घाला." अंबड तालुक्यातल्या शेतकरी घरातून आलेल्या सरांच्या बोलण्यात शिक्षणाने वा हुद्द्याने काही फरक पडला नव्हता.

कार्यालयात संगणक आला तेव्हा सरांनी पन्नाशी ओलांडली होती. एमआयडीसीत कामाला लागू पाहणाऱ्या तरुणांच्या शेजारी बसून त्यांनी एका क्लासमध्ये तो शिकून घेतला. ओढ्याची मापे आणि पुराच्या पाण्याचे आकडे त्यात भरले की कुठे किती पातळी चढेल हे दाखवणारे मॉडेल त्यांना फार आवडे. पण पडद्यावरचा आकडा आला म्हणून तो खरा, असे त्यांनी कधी मानले नाही. वाटूरच्या पुढच्या एका वस्तीच्या कामात मला हे पुरते कळले.

त्या वस्तीला पहिल्यांदाच पक्का रस्ता मिळणार होता. रस्ता मातीच्या भरावावरून जाणार होता आणि ओढ्याचे पाणी त्याखालून नेणारी सिमेंटच्या पाइपांची मोरी बाहेरच्या एका सल्लागारांनी आखली होती. तो आराखडा आमच्याकडे तपासणीला आला. मॉडेलप्रमाणे पूर आरामात निघून जात होता. सरांनी विचारले, "खालच्या टोकाला पाणी किती धरलंय?"

मी पाहिले. मोरीतून बाहेर पडलेले पाणी पुढे बिनअडथळा वाहून जाईल, असे धरले होते. प्रत्यक्षात ओढा थोड्या अंतरावर नदीला मिळत होता. नदीला पूर असताना ओढा तुंबणार, हे उघड होते. मी नदीच्या पुराची पातळी मोरीच्या खाली भरून पाहिली, तर मॉडेल बिथरले. मोरीतले पाणी कधी छताला, कधी तळाला, मधूनच प्रवाह उलटा. सल्लागार फोनवर म्हणाले, "म्हणूनच आम्ही तसं धरलं नाही. खालचं टोक मोकळं सोडा, गणित बसतं."

"गणित बसंल," सर म्हणाले, "पण पाणी ऐकणार न्हाई." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "मॉडेल बिघडलेलं न्हाई. त्याला मोरीच्या तोंडाशीच तोडलंय. त्याला पुढं जागा द्या."

आम्ही दोघे आमच्या सर्वेअरना घेऊन ओढ्यात उतरलो आणि थेट नदीपर्यंत मोजणी केली. मॉडेलचे खालचे टोक नदीवर नेऊन तिथे पुराची पातळी दिली, तेव्हा आकडे स्थिरावले. नदीच्या पुरामुळे ओढ्यात मागे चढणारा फुगवटा मोरीपर्यंत येत होता, पाइप तुडुंब भरत होते आणि भरावामागे कोंडलेले पाणी वस्तीतल्या घरांत शिरत होते. भरावाने पाणी कोंडले नसते, तर नुसता फुगवटा मात्र घरांच्या जोत्याखालीच राहिला असता. पाइपांऐवजी काँक्रीटचे रुंद चौकोनी गाळे दिले तर पाणी कोंडणार नव्हते आणि घरे वाचणार होती. सरांनी पाइपांच्या आराखड्याला मान्यता देण्यास नकार दिला.

नवा आराखडा मंजूर होईपर्यंत एक पावसाळा वाया जाणार होता. सरांवर वरून दबाव आला, तो त्यांनी सोसला. वस्तीचा राग सोसणे अधिक कठीण होते. ते आपण होऊन तिथे गेले. शाळेच्या ओट्यावर माणसे जमली. सरपंच म्हणाले, "साहेब, किती सालापासून रस्ता मागून राह्यलो आम्ही. आता कुठं आल्ता, तर तुम्हीच अडवून राह्यले."

"बराबर आहे तुमचं," सर म्हणाले. "यंदाचा चिखल माझ्यामुळं आहे. पण रस्त्यापायी घरात पाणी शिरलं, तर ते मला थांबवता येणार न्हाई."

कोणी मान डोलावली नाही. आम्ही चहा न घेता परतलो.

त्या पावसाळ्यात वस्तीवरच्या एका अडलेल्या बाईला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे लागले. बाई आणि बाळ सुखरूप राहिले. पण ही बातमी कळली त्या दिवशी सर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते संबंधित कार्यालयात जाऊन बसले आणि वस्तीपर्यंत तात्पुरता मुरूम टाकण्याचा आदेश निघेपर्यंत उठले नाहीत.

पुढे गाळ्यांची मोरी झाली, रस्ताही झाला. नंतर नदीला मोठा पूर आला तेव्हा सरपंचांचा फोन आला. "साहेब, पाणी आल्तं. पायरीला लागलं आन् उतरलं. घरात बिलकुल न्हाई."

"जनावरं?" सरांनी विचारले.

"तीबी बराबर हायेत. आता चहाला या."

मग कुठे सर खुर्चीत टेकले.

माणसांच्या बाबतीतही सर असेच पुढचे पाहतात. माझी मुलगी लहान असताना मी नोकरी सोडायला निघाले होते. सरांनी काही समजावले नाही. एका सकाळी आमच्या दारात टेम्पो उभा राहिला. मागे सर गोधडीत गुंडाळलेला संगणक मांडीवर धरून बसले होते. "टेबल कुठं ठेवायचं ते सांगा," ते माझ्या सासूबाईंना म्हणाले. माझे काम त्या टेबलावर सुरू राहिले. आज मी स्वतंत्रपणे मोऱ्यांचे आराखडे करते, ते त्यामुळे.

सर आता साठ वर्षांचे होत आहेत. गुडघे कुरकुरतात, आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पथ्याची आठवण करून देतात तेव्हा ते ऐकून न ऐकल्यासारखे करतात. सरांनी काकूंचे ऐकावे, एवढी आम्हा सहकाऱ्यांची विनंती आहे. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, पायांत ओढ्यात उतरण्या-चढण्याचे बळ राहो, आणि काकूंसह त्यांना उदंड, निरामय आयुष्य लाभो. आमच्या आराखड्यांना अजून पुष्कळ वर्षे त्यांचे नकार हवे आहेत.